एरॉस डोक्यातून जातच नाहीये

आज घरीच होते म्हणून 'द एक्सपान्स' ही अंतराळातली विज्ञानकथेची सिरियल परत लावली आणि एरॉस या लघुग्रहाच्या एपिसोडांपाशी आल्यावर अंगावर काटाच आला. सिरियल इतकी काटेकोर आहे की सेरेस या अंतराळातल्या वसाहतीवर डिटेक्टिव्ह मिलर ग्लासात दारू ओततो तर धार सरळ न पडता वाकडी जाते, कारण तिथलं गुरुत्वाकर्षण फिरण्यातून आलेलं. म्हणूनच भीती खरी वाटते ना! फिजिक्सचे नियम एवढे पाळून दाखवल्यावर मग दुसऱ्या सीझनमध्ये लाखभर माणसं गिळलेला तो लघुग्रह, ना इंजिन ना काही, सरळ जागचा हलतो आणि त्याच्यावर आदळायला सोडलेल्या नाऊव्हू जहाजाचा नेम चुकतो, तेव्हा पोटात गोळाच येतो.

हे सगळं घडवणाऱ्या प्रोटोमॉलिक्यूल या परग्रहावरच्या पदार्थाला आपला राग नाही की द्वेष नाही, माणूस म्हणजे त्याला नुसता कच्चा माल, आणि माझ्या मते राक्षस वगैरे दाखवण्यापेक्षा हे कितीतरी भयंकर आहे. मिलर जिला शोधत असतो ती ज्यूली एरॉसवर हॉटेलच्या बाथरूममध्ये सापडते, अंगातून निळं काहीतरी फुटलेलं, तिथे मला पॉज करावंच लागलं.

२०१८ ला सायफाय चॅनेलने ३ सीझननंतर बंद केली होती ही, नशीब अ‍ॅमेझॉनने उचलली. सुरुवातीचे एपिसोड संथ आहेत, नावं लक्षात राहत नाहीत, पण प्लीज मधेच सोडू नका कुणी.