गोगोलची 'डेड सोल्स' : तिसऱ्या प्रयत्नात

रशियन लेखक गोगोलची 'डेड सोल्स' ही १८४२ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी मी दोनदा अर्धवट सोडली होती. हाताशी इंग्रजी अनुवाद होता आणि दोन्ही वेळा घोडे एकाच जागी अडले. प्रांतातल्या एका शहरात उपरा म्हणून आलेला चिचिकोव्ह जमीनदारांकडून मेलेले भूदास, म्हणजे जमिनीला बांधलेले त्यांच्या मालकीचे शेतकरी, विकत का घेतो, हेच उमगत नव्हते आणि ते उमगल्याशिवाय हसू येत नव्हते.

तिसऱ्या खेपेस मी आधी त्या काळच्या रशियातील करपद्धती समजून घेतली. भूदासांची शिरगणती अनेक वर्षांच्या अंतराने होई. मधल्या काळात मेलेला माणूस पुढच्या गणतीपर्यंत कागदोपत्री जिवंत राही आणि त्याचा डोईकर मालकाला भरावा लागे. अशी नावे स्वस्तात मिळवायची, ती जिवंत म्हणून गहाण ठेवायची आणि माणशी सुमारे २०० रूबल उचलायचे, हा चिचिकोव्हचा बेत. लेखक तो पहिल्या भागाच्या शेवटच्या, अकराव्या प्रकरणात उघड करतो. मला तो आधी कळल्याने रसभंग मुळीच झाला नाही. उलट, मेलेल्यांचा बाजारभाव ठाऊक नाही म्हणून कोरोबोच्का ही विधवा अडून बसते, तेव्हा मी पोट धरून हसलो.

सर्वांत जास्त वेळ मी खरेदीखताच्या प्रसंगावर रेंगाळलो. चिचिकोव्ह कारकुनापुढे नोट ठेवतो. कारकुनाला ती दिसतच नाही, पण तिच्यावर लगेच एक पुस्तक येऊन पडते, आणि चिचिकोव्ह ती दाखवू पाहतो तर कारकून मानेनेच 'नको' म्हणतो. सरकारी कचेरीचे इतके नेमके चित्र मी दुसरीकडे वाचलेले नाही.

रशियन नावांचा गोंधळ टाळण्यासाठी मी एक चिठ्ठी पुस्तकात ठेवली होती, तिचाही उपयोग झाला. पुढे मेलेल्यांच्या खरेदीची बातमी शहरात पसरते आणि अधिकाऱ्यांची गाळण उडते, कारण प्रत्येकाला आपापली जुनी पापे आठवतात; हा उपरा नेपोलियन तर नव्हे, इथवर तर्क जातात आणि सरकारी वकील त्या धास्तीने चक्क मरतो. शहर सोडताना चिचिकोव्हच्या गाडीसमोर त्या वकिलाचीच अंत्ययात्रा येते. चिचिकोव्ह पडदे ओढून कोपऱ्यात दडतो आणि वाटेत प्रेत दिसणे हा शुभशकुन असतो, असे मनाशी म्हणतो. ते पान मी लागोपाठ तीनदा वाचले.