पितळी समई, शेवेचा डबा आणि एक्स-रे: इंदूर विमानतळावरचा माझा अनुभव

सुट्टीत इंदूरहून पुण्याला निघालं की आपल्याकडच्या हँडबॅगेत शेवेचे डबे, पूजेची पितळी भांडी आणि चार्जरांचा गुंता ठरलेला. अहिल्याबाई होळकर विमानतळावर सिक्युरिटीत बॅग बाजूला निघते ती बहुतेक वेळा सामान कसं रचलंय त्यामुळे.

मशीनमध्ये एक्स-रेचा पातळ झोत बॅगेच्या आरपार जातो. पलीकडचे डिटेक्टर कमी आणि जास्त अशा दोन ऊर्जांचे किरण किती पोचले ते मोजतात. बेल्ट सरकेल तसं ओळीओळीनं चित्र उमटतं. दोन्ही मापांच्या तुलनेतून पदार्थाच्या अणुक्रमांकाचा अंदाज येतो, आणि रंग त्यावर ठरतो. शेव, कपडे, कागद, साबण नारिंगी. काच, मीठ, ॲल्युमिनियम हिरवं. लोखंड, तांबं, पितळ निळं. किरण आरपार गेलेच नाहीत तर काळं.

स्टीलच्या डब्याची म्हणूनच फारशी अडचण नसते. झाकण नि बूड पातळ पत्र्याचं, त्यातून आतली शेव दिसते. किरण खालून येत असतील तर उभी भिंत मात्र पूर्ण उंचीभर त्यांच्या वाटेत येते, म्हणून डब्याभोवती गडद कडं उमटतं. एकावर एक तीन डबे ठेवले की पत्र्यांची जाडी वाढत जाते आणि मधलाही भाग गढूळ होतो. मी डबे शेजारी-शेजारी ठेवतो. भरीव समई काळीच दिसणार. तिच्यामागे काय दडलंय ते स्क्रीनवर कळत नाही, म्हणून बॅग उघडायला लावतात. समई सुट्ट्या भागांत काढून सगळ्यात वर ठेवावी, किंवा सरळ चेक-इनमध्ये द्यावी. लॅपटॉप ट्रेमध्ये काढायला सांगतात त्याचंही कारण हेच: त्याखालचं सगळं झाकलं जातं.

अडकित्ता आकारावरूनच ओळखू येतो, आणि धारदार म्हणून केबिनमध्ये चालत नाही; तो चेक-इनमध्ये. पॉवर बँकेचं उलट, ती केबिनमध्येच. 20,000 एमएएचची, 3.7 व्होल्टच्या हिशेबानं 74 वॉट-तास भरते, म्हणजे 100 च्या मर्यादेत.

माणसं ज्यातून जातात त्या मेटल डिटेक्टरच्या चौकटीचं तंत्र वेगळं. तिच्या कॉइलमधलं बदलतं चुंबकीय क्षेत्र धातूत भोवरी प्रवाह, म्हणजे भोवऱ्यासारखे गोल फिरणारे विजेचे प्रवाह, निर्माण करतं, आणि चौकट त्याची चाहूल घेते. त्यामुळे चुंबकाला न चिकटणारं सोनंही वाजतं. चौकट गप्प राहिली तरी पुढे हातातलं यंत्र अंगावरून फिरतंच. नाणी आणि पट्टा मी आधीच ट्रेमध्ये टाकतो.