तुम्ही विचारलंत म्हणून: एवढी चिडते, मग तिकीट का काढते?

"नटाच्या नावावर जुनी नाटकं विकतात म्हणून एवढ्या करवादता, मग पहिलं तिकीट तुम्हीच कशा काढता?" न्यू जर्सीतल्या आमच्या नाटकवेड्या मंडळींत कुणी ना कुणी हे विचारतंच. तर एकदाचं सांगते.

माझं भांडण हॉलिवूडचा नट डेन्झेल वॉशिंग्टन याच्याशी नाही. २०१४ साली ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या बड्या व्यावसायिक रंगभूमीवर, लॉरेन हॅन्सबेरीचं 'अ रेझिन इन द सन' हे नाटक पुन्हा आलं, त्यातला नायक वॉल्टर ली तो होता. हॅन्सबेरीनं लिहिलेला वॉल्टर ३५ वर्षांचा, हा ५९ चा. म्हणून संवादात पस्तिसाचे चाळीस केले. त्याच्या आईचं, लीनाचं, काम करणारी लाटान्या रिचर्डसन जॅक्सन त्याच्याहून जेमतेम पाच वर्षांनी मोठी. हे सगळं मी पोटात घालते. 'नटसम्राट' आलं तेव्हा डॉ. लागू ४३ चे होते, कुणाला खटकलं? हो, तरुणानं म्हातारं होणं वेगळं आणि हे वेगळं, तेही कळतं मला.

मला लागलं ते दुसरंच. शिकागोच्या साउथ साइडमधलं कोंदट बिऱ्हाड, संडास-न्हाणी बाहेर, शेजाऱ्यांबरोबर सामायिक. गजर होतो. रूथ उठते, बाहेरच्या खोलीत कोचावर झोपलेल्या पोराला हलवून न्हाणीकडे पिटाळते, मग नवऱ्याला हाका मारते. वॉल्टर डोळे चोळत येतो आणि पहिलंच विचारतो, तो बाहेर आला का? पाठोपाठ, आज चेक येणार ना? मेलेल्या बापाच्या विम्याचा, १०,००० डॉलरचा चेक. दोन प्रश्नांत अख्खं घर उभं राहतं.

त्या वेळी आई आमच्याकडे आली होती. तिचा जन्म गिरगावातल्या चाळीत गेलेला, इंग्रजी अडखळत. आदल्या रात्री मी तिला गोष्ट सांगितली होती, पण हे पहिलं वाक्य मुद्दाम राखून ठेवलं होतं. सकाळी टमरेल घेऊन रांगेत उभं राहिलेल्या बाईला ते कुणी समजावून द्यायला नको होतं.

डेन्झेल रंगमंचावर आला आणि थिएटर फुटलं. टाळ्या, शिट्ट्या, नावाचा पुकारा. वाक्य त्यात गेलं. रूथचं उत्तर तेवढं ऐकू आलं, प्रश्नाविना. मी चरफडत आईकडे वळले, तर तीही टाळ्या वाजवत होती. अगदी मनापासून, हात उंच करून.

मध्यंतरात मी तिच्यावर घसरले. "अगं, संडासाचं विचारत होता तो! तुझं वाक्य होतं ते!"

"असू दे गं. एवढा मोठा माणूस समोर आला, त्याला या म्हणायला नको? साहित्य संघात आम्ही नाही का वाजवायचो?"

यावर मला काही बोलता आलं नाही. राग मात्र गेला नाही, आजही नाही. पुढे वॉल्टरचा मित्र बोबो येऊन सांगतो की विम्याचे पैसे बुडाले, तेव्हा आईनं माझं मनगट घट्ट धरलं. "गेले?" एवढंच म्हणाली. तिथे डेन्झेल कुठेच नव्हता, वॉल्टर होता. हे मी नाकारत नाही.

पूर्वी मी म्हणायचे, नवखे नट घ्या, खुर्च्या रिकाम्या राहिल्या तरी चालतील. निम्मं अजूनही पटतं. पण १९५९ साली हे पहिल्यांदा आलं, तेव्हा तरी काय होतं? कृष्णवर्णीय बाईनं लिहिलेलं ब्रॉडवेवरचं हे पहिलं नाटक. पैसे उभे करता करता निर्मात्यांचं वर्ष उलटून गेलं. तेव्हाही मध्यभागी सिडनी पॉटिए होता, सिनेमात नाव झालेला. नाटक मुलाचं की आईचं, यावरून त्याचे आणि हॅन्सबेरीचे मतभेद होते. २००४ साली वॉल्टर झाला रॅपर शॉन कोम्ब्स. त्याला बघायला आलेल्यांनी फिलिशिया रशादची लीना पाहिली, ऑड्रा मॅकडोनाल्डची रूथ पाहिली. टोनी, म्हणजे ब्रॉडवेचे मानाचे पुरस्कार, त्या दोघींना मिळाले.

ब्रॉडवेवर हे नाटक २००४ ला आलं, मग थेट २०१४ ला, आणि दोन्ही वेळा मोठं नाव घेऊनच. नावाशिवाय येईल म्हणून वाट बघत बसले, तर लीना आणि रूथ मला भेटणार कधी? म्हणून तिकीट काढते. आणि चिडते, कारण ते वाक्य आईला ऐकवायचं होतं. टाळ्या शेवटी वाजवा ना, हव्या तेवढ्या वाजवा. आईला हे अजून पटलेलं नाही.