बेस अपडेट ५ : ‘गे’ला गप्प बसायचं

एका गाण्यासाठी बेस गिटार खरी न वाजवता संगणकावर मिडीतून (म्हणजे लिहून दिलेल्या नोट्समधून) खऱ्यासारखी वाजवायची, हा माझा खटाटोप. मागच्या वेळी मी ठणकावून सांगितलं होतं की बेसचा विषय संपला, आता थेट मिक्स. शब्द परत घेतो. गायिकेने पट्टी बदलली आणि सगळं मुसळ केरात.

गाणं पांढरी तीनमध्ये (ई) होतं. तिला वरचे स्वर जड जात होते, म्हणून काळी एक (सी शार्प) ठरली. मी आगाऊपणाने सगळा मिडी तीन सेमीटोन खाली ओढला. आता चार तारांच्या बेसवर खालून पहिला स्वर ई, ४१ हर्ट्‌झ. माझा सी शार्प गेला साडेचौतीसवर, जिथे तारच नाही. सॅम्पल लायब्ररीने (खऱ्या बेसच्या रेकॉर्ड केलेल्या स्वरांचा साठा) कुरकुर न करता ईचंच सॅम्पल ताणून दिलं. आवाज कसा, तर ओल्या गादीवर काठी मारावी तसा. मग सगळी ओळ सप्तकभर वर नेली, तर बेस कसला, कीबोर्डवाल्याचा डावा हात ऐकू यायला लागला.

यानंतरचे दोन आठवडे मी ॲम्प सिम (ॲम्प्लिफायरची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) बदलण्यात घालवले, हे लिहिताना लाज वाटते. चार ॲम्प, सहा कॅबिनेट, दोन कम्प्रेसर. माझं आता ठाम मत झालंय : वाजवणंच खोटं असेल तर ॲम्प सिम ते खोटं फक्त मोठ्याने सांगतो. कोरा डीआय (ॲम्पशिवायचा थेट आवाज) आणि चिमूटभर सॅच्युरेशन (आवाज किंचित फाटवणं) पुरतं. सॅच्युरेशन मात्र हवंच. मोबाइलच्या स्पीकरमधून ५० हर्ट्‌झ बाहेर पडतच नाही. वरचे हार्मोनिक्स (मूळ स्वराच्या पटीतले वरचे स्वर) असले तर खालचा स्वर कान स्वतःच भरून काढतो.

शेवटी आमच्या सोसायटीतल्या काकांना वर बोलावलं. वीसेक वर्षं ऑर्केस्ट्रात बेस वाजवलेला माणूस. चार आवर्तनं ऐकली आणि विचारलं, “अरे, हा ए तू कुठल्या तारेवर घेतोस?”

“काका, मिडी आहे. तार कुठली असणार?”

“मग तिथेच घोडं अडलंय.”

तपासलं. लायब्ररी आपल्या मनाने जवळची मोकळी तार पकडत होती. माझी ओळ सी शार्प, जी शार्प, ए, बी अशी. हात चौथ्या फ्रेटपाशी (बेसच्या मानेवरचा कप्पा) ठेवला तर सी शार्प ए तारेच्या चौथ्यावर, जी शार्प ई तारेच्या चौथ्यावर, ए त्याच तारेच्या पाचव्यावर, बी सातव्यावर. हात हलवायचं कामच नाही. लायब्ररी मात्र मधला ए मोकळ्या तारेवर वाजवत होती, म्हणून तो एकटाच टणटणीत, परक्यासारखा उभा राहायचा. तार सक्तीने ठरवणारी की-स्विच (स्वर न वाजवता वाजवण्याची पद्धत बदलणारी कळ) माझ्याकडे पहिल्या दिवसापासून होती. आठ महिने हात लावला नव्हता! ई तार सक्तीची केली आणि तोच ए जाडसर, गोल झाला. मी तो एक स्वर तीस-चाळीस वेळा वाजवून ऐकला असेल.

पण खरा गुंता सुटला तो दुसऱ्या दिवशी. काका स्वतःचा बेस घेऊन आले. ब्रिजजवळ तारांखाली भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा खोचलेला, तारा फ्लॅटवाउंड (सपाट गुंडाळीच्या, गुळगुळीत), शेवटच्या कधी बदलल्या ते त्यांनाच आठवत नाही. (अमेरिकेतल्या मोटाऊन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसनही जुन्याच फ्लॅटवाउंड ठेवायचा आणि उजव्या हाताच्या एका तर्जनीवर सगळं वाजवायचा. लायब्ररीवाले कोऱ्या चकचकीत तारांचं सॅम्पलिंग का करतात, देव जाणे.) इंटरफेसच्या इन्स्ट्रुमेंट इनपुटला सरळ जोडून त्यांची दोन मिनिटं रेकॉर्ड केली आणि वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) माझ्या मिडीशेजारी ठेवला.

माझ्या नोट्स एकमेकींना चिकटलेल्या. त्यांच्यात भोकंच भोकं. आधी वाटलं, सवयीने सोडत असतील. मग तबल्याचा ट्रॅक खाली लावला आणि डोक्यात लख्ख पडलं. केहरवा, धा गे न ती न क धि न. ९२ बीपीएमला आठव्या नोटची एक मात्रा, म्हणजे सुमारे ३२६ मिलिसेकंद. ‘धा’वर काका स्वर वाजवतात आणि २०० मिलिसेकंदांच्या आत तार दाबून बंद. ‘गे’ला काहीच नाही. तिथे डग्गा घुमतो, त्याची मींड ऐकू येते. ‘ती’वर पुन्हा स्वर, आणि तो ‘न क’ संपेपर्यंत लांब, कारण तेवढ्या वेळात डग्गा उघडा वाजतच नाही. ‘धि’च्या अलीकडे हात वर.

डग्गा आणि बेस यांची मारामारी मिटवायला मी गेले तीन अपडेट साइडचेनवर (एक आवाज आला की दुसरा आपोआप दबवणारी जोडणी) खर्च केले होते. ती साइडचेन काढून टाकली. आता ३५ हर्ट्‌झखाली कट, ८५च्या आसपास २ डीबीचा खड्डा, बस्स. माझ्या नोट्स कुठे सुरू होतात यावर मी इतका जीव टाकला, त्या कुठे संपतात हे एकदाही पाहिलं नव्हतं.

बाकीच्या दुरुस्त्या पटकन : सगळं ११० व्हेलोसिटीवर (नोटचा जोर, १२७पैकी) होतं, ते ७० ते ९५वर आणलं, दर दुसरी नोट किंचित हलकी, दोन बोटं आलटून पालटून पडतात तशी, क्वांटाइझ (नोट्स तंतोतंत मात्रेवर बसवणं) काढून अख्खा ट्रॅक १२ मिलिसेकंद मागे. नोट्स आपोआप कशाही मागेपुढे करणाऱ्या रँडम ह्यूमनाइझच्या बटणाला मात्र हात लावू नका. काका कुठेही वेडंवाकडं वाजवत नाहीत. ते सतत सारखेच मागे असतात.

घोस्ट नोट्स (तार दाबून मारलेले बिनस्वराचे ठोके) अजून प्लास्टिकच्या वाटतात. त्यासाठी एका महागड्या लायब्ररीवर डोळा होता, पण हे लिहिता लिहिताच दुसरं सुचलं : माझ्या साध्या गिटारच्या जाड तारेवर तळवा ठेवून नुसते ठोके रेकॉर्ड करायचे आणि सप्तकभर खाली उतरवायचे. स्वर नकोच आहे, ठक् हवंय. आज रात्रीच बघतो. म्हणजे या महिन्याची खरेदी रद्द. उरलेल्या पैशांत स्पंज येईल.

काल काकांना त्यांचा आणि माझा, दोन्ही ट्रॅक कुठला कुणाचा ते न सांगता ऐकवले. पहिली तीन आवर्तनं ते गोंधळले, हे मी मनातल्या मनात फ्रेम करून भिंतीवर लावलंय. चौथ्यात मी सातव्या फ्रेटवरून थेट वरच्या सी शार्पवर, डी तारेच्या अकराव्यावर उडी मारतो.

“हा तुझा,” काका म्हणाले. “एवढी उडी मारलीस आणि बोट तारेवर घासल्याचा आवाज नाही?”

घासण्याच्या आवाजाची की-स्विच कुणी वापरली असेल तर तिची व्हेलोसिटी कितीवर ठेवता ते सांगा. माझ्याकडे ती उंदराच्या चीत्कारासारखी येते.