रात्रपाळी

शनिवार, रात्रीचे पावणेदोन

पाऊस थांबायचं नाव घेत नाहीये. झोपही नाही. आज जे झालं ते उद्या सकाळच्या गडबडीत निसटेल, म्हणून आत्ताच लिहून ठेवतो.

गेला आठवडाभर 'स्प्लिंटर सेल: केऑस थिअरी' पुन्हा खेळतोय. २००५ चा गेम. सेलमध्ये एका थाळीपेक्षा स्वस्त मिळाला आणि मग आजच्या रुंद स्क्रीनवर त्याचं चित्र नीट बसवण्यात अख्खी संध्याकाळ गेली. बायको म्हणाली, एवढ्या वेळात माळा आवरून झाला असता. खरंय.

सॅम फिशर हा अमेरिकेचा हेर. डोक्यावर तीन हिरव्या दिव्यांचा चष्मा, आवाज मायकल आयर्नसाइडचा, म्हणजे घशात खडी भरल्यासारखा. त्याने अंधारातून जायचं, कुणाला दिसायचं नाही, काम करून निघायचं. जपान, कोरिया, पनामा असं कुठं कुठं फिरणारं कथानक मला तेव्हा धड कळलं नव्हतं. या खेपेला कळलं, पण त्याने फारसा फरक पडला नाही.

कथानक जाऊ दे. या गेमचा जीव पडद्याच्या कोपऱ्यातल्या दोन पट्ट्यांत आहे. एक उजेडाची, तुम्ही किती दिसताय ते सांगणारी. दुसरी आवाजाची, आणि कमाल तिची आहे. त्या पट्टीवर आजूबाजूचा आवाज किती आहे याची एक खूण असते. तुमच्या पावलांचा आवाज त्या खुणेच्या खाली असेपर्यंत कुणाला काही ऐकू जात नाही. म्हणजे शांत खोलीत मुंगीसारखं सरकायचं आणि यंत्राच्या घरघरीत बिनधास्त चालायचं. माऊसचं चाक फिरवून चालण्याचा वेग ठरवायचा. पहिलंच मिशन पेरूच्या किनाऱ्यावरच्या दीपगृहात, मुसळधार पावसात आहे. ढगांचा गडगडाट होतो आणि आपण त्याच्या आडून चार पावलं टाकतो. वीस वर्षं झाली तरी एवढं साधं आणि एवढं पटणारं काही मला दुसऱ्या गेममध्ये सापडलेलं नाही. अमॉन टोबिनचं संगीतसुद्धा असं की कुणीतरी भिंतीपलीकडे भांडी घासतंय.

आणि मला भिंतीपलीकडच्या भांड्यांचा अनुभव होता. २००६. लालबागच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली. डिप्लोमाला लागतो म्हणून कर्ज काढून घेतलेला कॉम्प्युटर, त्यात लॅमिंग्टन रोडवरून आणलेलं सेकंडहँड ग्राफिक कार्ड. गेमची डीव्हीडी मात्र ओरिजिनल, मामेभावाची. फोर्टच्या फुटपाथवर हा गेम मिळायचाच नाही. त्यावर कॉपी काढता येऊ नये म्हणून स्टारफोर्स नावाचं कुलूप होतं आणि ते फोडायला जगभरच्या पोरांना वर्षाहून जास्त काळ लागला. सगळे गेम पन्नास रुपयांत खेळणाऱ्या माझ्या पिढीला हा एकटाच गेम परवानगी मागून आणावा लागला.

खेळायचो रात्री. आई मोरीकडे डोकं करून झोपलेली, मी हेडफोन लावून, ट्यूब बंद. बाबा ड्युटीवर. बाबांची ड्युटी रात्री आठ ते सकाळी आठ, म्हणून तर खाट आणि टेबल माझ्या ताब्यात असायचं. सकाळी ते आले की मी कॉलेजला जायचो आणि त्याच खाटेवर ते झोपायचे.

मोर्गनहोल्टचं आठवतं. पहिल्या मिशनमध्ये ज्याला सोडवायला जातो तो माणूस. पोचतो तेव्हा तो मेलेला असतो. मला वाटलं, मी उशीर केला. तीनदा मागून लोड करून खेळलो, शेवटी अक्षरशः धावत गेलो. मेलेलाच. तो गेममध्ये मरायचाच होता हे मामेभावाने सांगितलं तेव्हा मला फसवल्यासारखं वाटलं होतं.

बाबा १९७७ साली, वयाच्या विसाव्या वर्षी गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख माणसं बाहेर पडली, आणि तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. पुढे भाजी, मग एका छापखान्यात, मग वॉचमन. लोअर परळला, जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरच्या खाली. यावर लोकांनी इतकं लिहिलंय की मी आणखी काय लिहू. बाबा एवढंच म्हणायचे, रस्ता पाठ होता.

फिशरचं जन्मसाल १९५७. बाबांचंही तेच. हे मला परवा कळलं.

तर आज. बाबा चार दिवस भांडुपला आमच्याकडे आलेत. रात्री जेवण झालं, पोरगी झोपली, मी हॉलमध्ये हेडफोन लावून बसलो. पनामातल्या बँकेचं मिशन. रात्रीची बँक, संगमरवरी फरशी, आत चारपाच गार्ड. बाबा पाणी प्यायला उठले आणि माझ्या मागे येऊन उभे राहिले. दहा मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हा एकटाच कसा?"

मी हेडफोन काढला. "कोण?"

"हा. एवढ्या मोठ्या हॉलला एक माणूस? दोन पॉइंट पाहिजेत. हा तिकडे राऊंडला गेला की इकडे कोण?"

मी म्हटलं, बाबा, तसा ठेवलाय म्हणून तर मला जाता येतं. ते खुर्ची ओढून बसले. मी एक दिवा फोडला. गार्ड बॅटरी काढून बघायला आला. "चूक," बाबा म्हणाले. "दिवा गेला तर आधी वायरलेसवर कळवायचं. एकट्याने अंधारात जायचं नाही. आम्हाला पहिल्या दिवशी हेच सांगितलेलं." मी शिट्टी वाजवली, गार्ड कोपऱ्यावरून वळला. बाबांनी मान हलवली. शिट्टीवर कुणी जातं का?

त्यांना पट्ट्या समजावून सांगितल्या. आवाजाची त्यांना लगेच समजली. "म्हणजे पावसात सोपं," ते म्हणाले. "पावसात काहीच ऐकू येत नाही. पत्र्याची केबिन, वर धो धो. आम्ही पावसात केबिनीत बसायचोच नाही, जिन्याखाली जाऊन उभं राहायचो. तिथं जरा कान चालतो." आणि मग, बराच वेळाने, "कुत्रं असलं तर बरं. त्याच्याकडे बघत राहायचं."

वीस वर्षांत त्यांनी मला ड्युटीबद्दल एवढं सांगितलेलं नाही. मीही विचारलेलं नाही. तेव्हा गार्ड म्हणजे अडथळा होता, पाठमोरा झाला की मागून जाऊन धरायचा. एका बटणाला सुरी, एका बटणाला बेशुद्धी. मी बहुतेक वेळा सुरीच दाबायचो, कारण ती झटकन व्हायची. हे सगळं रात्री आठ ते सकाळी आठच्या मध्ये.

आज बेशुद्धीचं बटण दाबलं. गार्डने थोडे हातपाय झाडले आणि ढिला पडला. मी त्याला खांद्यावर टाकून नेहमीप्रमाणे अंधाऱ्या कोपऱ्याकडे निघालो.

"कुठे नेतोस?"

"लपवतो. दुसऱ्याला सापडला तर अलार्म होईल."

"मेला नाही ना?"

"नाही. बेशुद्ध आहे."

"मग उजेडात ठेव की. रिलिव्हर आला तर दिसेल त्याला. असा कोपऱ्यात टाकलास तर सकाळपर्यंत कुणाला कळायचं नाही."

मी म्हटलं, मार्क कापतात. ते म्हणाले, "किती?"

मला आकडा माहीत नव्हता. गार्डला हॉलच्या मधोमध, दिव्याखाली ठेवला. बाबांनी ते नीट पाहिलं, ग्लास घासून पालथा घातला आणि झोपायला गेले. मी मिशन संपवलं. शेवटी हिशेबाचा पडदा आला: ठार शून्य, सापडलेले देह एक. शंभर काही मिळाले नाहीत.

सेव्ह करून ठेवलंय. उद्या ते दुपारच्या गाडीने निघतील, आईने डबा मागितलाय, तो विसरायचा नाही.