पाच दिवस, पावणेनऊ तास

दुपारी जेवणानंतर एखादं मासिक चाळताना ‘देवयानी दीर्घिका 25 लाख प्रकाशवर्षे दूर आहे’ असं वाक्य आलं की पान उलटायचा हात थांबतो. कुणी मोजलं, कशानं मोजलं, अवाक्षर नाही. मेथीच्या जुडीचा भाव ऐकून आपण दोन प्रश्न विचारतो. इथे मात्र निमूट पुढचं पान.

या आकड्याचा जामीन म्हणजे सेफीड जातीचे रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणारे तारे. त्यांचा मूळपुरुष, डेल्टा सेफी, नुसत्या डोळ्यांना दिसतो. पावसाळा सरला की संध्याकाळी उत्तरेला, शर्मिष्ठेच्या शेजारी वृषपर्वा हा तारकासमूह शोधावा. डेल्टाच्या जवळच 3.4 प्रतीचा झीटा आणि 4.2 प्रतीचा एप्सिलॉन हे तारे आहेत (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद). डेल्टा कधी झीटाची बरोबरी करतो, कधी एप्सिलॉनपेक्षाही मंद होतो. चढायला साधारण दीड दिवस, उतरायला चार. पूर्ण फेरी 5 दिवस, पावणेनऊ तासांची. यॉर्कच्या जॉन गुडरिकनं 1784 मध्ये हे हेरलं.

ताऱ्याच्या आतला हेलियमचा थर दाबला गेला की उष्णता अडवून धरतो. तारा फुगतो, थर विरळ होतो, उष्णता निसटते, तारा पुन्हा आक्रसतो. जितका तेजस्वी, तितका संथ. हे कळलं ते खगोलशास्त्रज्ञ हेन्रिएटा लेव्हिटमुळे. छोट्या मॅगेलन मेघातले, म्हणजे शेजारच्या एका लहान दीर्घिकेतले 25 तारे तिनं 1912 मध्ये मांडले. सगळे जवळपास सारख्याच अंतरावर, म्हणून तेजातला फरक खराखुरा.

म्हणजे फेरीच्या काळावरून खरं तेज कळतं. पुढचं गणित वहीच्या समासात मावतं. दहा दिवसांत फेरी पुरी करणाऱ्या सेफीडची निरपेक्ष प्रत, म्हणजे 10 पार्सेकवरून दिसेल ती, सुमारे उणे 4. तो 21 प्रतीचा दिसला, तर फरक 25. फरक शून्य असेल तर अंतर 10 पार्सेक, आणि दर 5 प्रतींना ते दसपट. म्हणजे 10 लाख पार्सेक, सुमारे 33 लाख प्रकाशवर्षे.

खोड इथेच आहे. वाटेतली धूळ तारा मंद करते, अंतर फुगतं. म्हणून दोन रंगांच्या गाळण्यांतून मोजावं, जमलं तर अवरक्तात (इन्फ्रारेड). गर्दीत शेजाऱ्यांचा उजेड मिसळतो, अंतर आखडतं. प्रतीत 0.1 चुकलं की अंतरात 5 टक्के गेले. निरीक्षणंही ठरावीक कालांतरानं घेऊ नयेत, भलताच काळ खरा वाटू लागतो. हबल दुर्बिणीनं एम 100 दीर्घिकेसाठी दोनेक महिन्यांत 12 निरीक्षणं घेतली, ती मुद्दाम विषम कालांतरानं.

माझा सगळा जीव त्या स्पंदनकाळावर. धुळीला तो बदलता येत नाही, शेजाऱ्यालाही नाही. खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलच्या ऑक्टोबर 1923 च्या, देवयानीचा फोटो असलेल्या काचेवर नवतारा (नोव्हा, अचानक उजळणारा तारा) म्हणून लिहिलेलं ‘एन’ खोडलेलं आहे आणि शेजारी ‘व्हीएआर!’ (व्हेरिएबल, रूपविकारी) असं लिहिलंय. त्या उद्गारचिन्हामागच्या ताऱ्याचा काळ 31.4 दिवस. त्यावरून त्यानं देवयानी सुमारे 9 लाख प्रकाशवर्षांवर ठेवली. खगोलशास्त्रज्ञ वॉल्टर बाडेनं 1952 मध्ये सांगितलं की सेफीड दोन जातींचे आहेत आणि आपण त्यांची गल्लत करतोय. एका फटक्यात अंतर दुपटीहून जास्त झालं. काळ मात्र 31.4 दिवसच राहिला.