घाटमाथ्यावरचे सांडपाणी कुठे जाते?

घरोघरी नळ आले, ही आमच्या जावळी खोऱ्यातल्या वाडीसाठी फार मोठी गोष्ट होती. मात्र डोक्यावरच्या हंड्यातून येणारे पाणी बायका जितके जपून वापरत, तितके नळाचे कोण वापरणार, आणि वापरलेले पाणी कुठे सोडणार, याचा विचार नळजोडणीच्या वेळी झाला नाही. जलजीवन मिशनचा हिशोब माणशी रोज ५५ लिटरचा आहे. पाच माणसांच्या घरात २७५ लिटर आले, तर त्यातले निदान दोन तृतीयांश, म्हणजे सुमारे १८० लिटर, न्हाणी, भांडी आणि धुणे यांवाटे पुन्हा बाहेर पडते.

यावर सरकारी उत्तर शोषखड्ड्याचे आहे आणि ते चुकीचे नाही. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने शोषखड्ड्यांच्या जोरावर उघडी गटारे आणि डास दोन्ही हटवले, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु आमच्याकडे खड्डा खणायला घेतला की हात-दोन हात मातीखाली काळा कातळ लागतो, ज्यात पाणी मुरतच नाही. आणि त्याहून वर, जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे तांबड्या दगडाच्या उघड्या पठारावर, नेमके उलटे घडते. जांभा सच्छिद्र आणि भेगाळ असल्याने त्यात ओतलेले पाणी फारसे गाळले न जाता खाली उतरते, आणि जिथे जांभा संपून बेसॉल्ट, म्हणजे तोच काळा कातळ, सुरू होतो तिथे झरा होऊन बाहेर पडते. तोच झरा खालच्या वाडीचा पाणवठा असतो. शौचालयाचा खड्डा पिण्याच्या पाण्यापासून निदान १० मीटर दूर असावा, हा नियम मातीच्या जमिनीत उपयोगी आहे. भेगाळ खडकात मात्र अंतराचा फारसा भरवसा धरता येत नाही.

म्हणून खड्ड्याचे माप ठरवण्याआधी चाचणीचा लहान खड्डा पाण्याने भरून ते किती वेळात किती उतरते हे पाहावे, आणि ही पाहणी मे महिन्यात न करता भर पावसाळ्यात करावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. उन्हाळ्यात सगळेच खड्डे पास होतात.

शौचालयासाठी सेप्टिक टाकीपेक्षा दोन शोषखड्ड्यांची पद्धत मला आमच्यासाठी बरी वाटते. एक खड्डा भरला की तो बंद करून दुसरा वापरायचा आणि पहिल्यातल्या मैल्याला खत व्हायला दीड-दोन वर्षे द्यायची. टाकी उपसणारा टँकर आमच्या रस्त्याने वर चढतच नाही. मग भरलेल्या टाकीचे तोंड पावसात ओहोळाकडे उघडले जाते, हे कोणी बोलत नसले तरी सर्वांना माहीत आहे. खड्ड्यांसाठी मुरमाची जागा मात्र शोधावीच लागते.

न्हाणीच्या पाण्याची सोय जुन्या घरांत होतीच: मोरीमागे अळू, पलीकडे केळीचे बेट. आमच्या शेजारच्या काकू अजूनही मोरीच्या तोंडाशी बुडाला भोके पाडलेले मडके ठेवतात आणि त्यात नारळाच्या शेंड्या भरतात. भांड्यांचा तेलकटपणा आणि खरकटे त्यात अडकते. आठवड्याने शेंड्या काढल्या की हाताला करडा, बुळबुळीत थर लागतो. हे मडके नसेल तर तोच थर शोषखड्ड्याच्या दगडांवर बसतो आणि खड्डा तुंबतो. खड्डे बांधून झाल्याचे फोटो निघतात, पण मडके कोण साफ करणार याची नोंद कुठेच नसते.

जिथे काहीच मुरत नाही, तिथे वाडीचे पाणी उताराने नळीवाटे खाली आणून, खडी भरलेल्या सुमारे दोन फूट खोल वाफ्यात कर्दळ आणि वेखंड लावून त्यातून सावकाश जाऊ द्यावे. उतार असल्याने पंप लागत नाही, आणि पावसात अनेक दिवस वीज नसणाऱ्या गावात ही मोठीच सोय आहे. पागोळ्यांचे पाणी मात्र त्यात येऊ देता कामा नये, नाहीतर पहिल्याच झडीत वाफा वाहून जाईल.

स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात लहान गावांना सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांपर्यंत तरतूद आहे. ३०० वस्तीला ८४,००० रुपये होतात. पैशापेक्षा अवघड प्रश्न जागेचा आहे. गावाखालची सपाट जमीन म्हणजे कोणाची तरी भातखाचरे, आणि वरच्या वाडीच्या सांडपाण्यासाठी खालच्या वाडीतल्या माणसाने आपले खाचर का द्यावे, याचे उत्तर एकाच वाडीच्या बैठकीत मिळणार नाही. पाणवठा त्यांचा आहे, तेव्हा जागा ठरवताना पहिला शब्दही त्यांचा असावा आणि वाफ्यातून निघालेल्या पाण्यावरचा पहिला हक्कही त्या खाचरवाल्याला लिहून द्यावा, असा ठराव मी येत्या ग्रामसभेत मांडणार आहे.